काळ्या गोळ्यावरचे दात

पाळण्यावर काळा रंग चालत नाही, आणि एक काळा गोळा असल्याशिवाय पाळणाही चालत नाही. वडिलांनी मला खरादावर बसवलं तेव्हा आधी हेच सांगितलं. तांबडे, पिवळे, हिरवे गोळे हवे तितके कर, पोपट कर, मोर कर. पण काळा गोळा एकच, तो मधोमध टांगायचा आणि सगळ्यात शेवटी बांधायचा. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून. दुसरा काळा गोळा दिसला तर बाया सबंध खेळणं परत करायच्या. त्यामुळे आमच्या दुकानात काळ्या लाखेची कांडी वर्षानुवर्षं तशीच पडून असायची.

संपादकांनी मला लाकडी खेळण्यांच्या धंद्यावर लिहायला सांगितलं आहे. लिहितो. पण त्या धंद्याचा विचार करू लागलो की मला मासेच आठवतात, त्याला माझा इलाज नाही. आमच्या वाशीमच्या बाजारात खरादी आणखीही होते. पण तळ्यावर मरळ मासा हातातून सुटला की लोक ज्याच्या नावानं बोटं मोडत, असा खरादी मी एकटाच.

ज्यांनी खराद पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लाकडाचा ठोकळा दोन टोकांमध्ये अडकवायचा, त्याला कमानीच्या दोरीचा वेढा द्यायचा आणि कमान मागंपुढं ओढायची. ठोकळा गरगर फिरतो. त्याला पटाशी लावून आकार द्यायचा. मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरायची. घासण्यानं लाख तापते, वितळते आणि लाकडावर रंग चढतो. शेवटी तेलाचं बोट आणि केवड्याचं पान फिरवलं की तोंड दिसेल इतकी चकाकी येते. गोळा खुळखुळ्याचा असेल तर तो दोन वाट्यांत कोरायचा, आत गुंजा घालायच्या आणि वाट्या लाखेनं सांधायच्या. आमचे सगळेच गोळे खुळखुळ्याचे असत. न वाजणारा गोळा करणं म्हणजे कामचुकारपणा, असं वडील म्हणत.

आता मासे कुठून आले ते सांगतो. वाशीमला एक वकील होते, सगळे त्यांना दाजीसाहेब म्हणत. माणूस पक्का शाकाहारी, घरात लसूणसुद्धा दाराआड सोलायचे. पण मासे धरण्याचं वेड असं की कोर्टाला सुट्टी लागली की दाजीसाहेबांची दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, कुठल्या तरी तळ्याच्या वाटेला लागलीच म्हणून समजा. धरलेला मासा ते भोयांच्या घरी देऊन टाकत आणि स्वतः हात धुऊन वरणभात जेवायला घरी जात. घरी ‘मासा’ या शब्दाला बंदी होती. वहिनीसाहेब विचारणाऱ्याला सांगायच्या, “ते हवा खायला गेलेत.”

एकदा हे दाजीसाहेब दुकानात आले ते बगलेत मुंबईहून मागवलेलं एक रंगीत चित्रांचं पुस्तक घेऊन. त्यात विलायतेतले नकली मासे आणि नकली बेडूक होते. पोटाला गळ लावलेले, पाण्यावरून ओढले की पोहल्यासारखे दिसणारे.

“मिस्त्री, असा बेडूक करता येईल?”

“साहेब, पोपट येतो तर बेडूक का येणार नाही?”

पांगाऱ्याचं लाकूड हलकं, तरंगतं. त्याचे बेडूक केले. रंग कुठले द्यायचे यावर मात्र आमचं जमेना. चित्रात होते तसे भडक पाहिजेत, असा दाजीसाहेबांचा आग्रह. मला काय, माझ्याकडे भडक रंगच होते. लाल बेडूक, पिवळा बेडूक, पोटाशी कथलाचा पत्रा लावलेला चकचकीत बेडूक. मी आयुष्यात मासा धरला नव्हता. मासा रंग बघतो की नाही हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्याच्या नितळ पाण्यात दाजीसाहेबांना दोन-चार मासे मिळाले, आणि आम्ही दोघंही स्वतःला फार शहाणे समजू लागलो.

त्याच वर्षी भादव्यात गंगू भोईण आली. रिठदच्या वाटेवर एक तळं आहे, त्यात ती शिंगाड्याच्या वेली लावायची आणि वाशीमच्या बाजारात मासे विकायची. तोंडानं अशी फटकळ की भाव करायला गेलेला माणूस खाली मान घालून मासे घेऊन यायचा. तिची एकुलती एक लेक सखू बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती. बारशासाठी पाळण्यावरचं खेळणं गंगूनं मला सांगून ठेवलं होतं. ते झालं का, हे विचारायला ती आली, पण त्या दिवशी तिचा आवाज खाली होता. आमच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला आत नेऊन पाणी दिलं, तेव्हा ती बोलली.

“वहिनी, सखू ताप येऊन पडली व्हती. ताप उतरला, पन पोरगी दोन घास खाऊन नाई राह्यली. तिले दूध नाई येऊन राह्यलं. पोट्टी रडून रडून हैरान झाली. वैद्यानं सांगतलं, मरळीचा रस्सा द्या, अंगात ताकद येईन. पोरगीबी तेच मांगते.”

“मंग द्या ना,” मंडळी म्हणाल्या. “तुमच्या घरी माशाले काय तोटा?”

“तेच तं! नदीले पूर, जाळं टाकता येत नाई. तळ्यात मरळ हाये, डोयानं दिसते, पन वेलीत जाळं अडकते. जिता बेडूक गळाले लावून पाह्यला, तो वेलीत दडून बसते. भोयाच्या घरात मासा नाई वं माय, हे कोनाले सांगू नका. लोकं हासतीन.”

ती पदरानं डोळे पुसत होती, आणि मी बाहेर खरादावर कमान हातात धरून नुसता बसून होतो. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी मी दाजीसाहेबांच्या घरी गेलो आणि ओसरीवर हळू आवाजात सगळं सांगितलं. ते लगेच उठले. “उद्या दुपारीच निघू,” म्हणाले. मग आतल्या दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाले, “हवा खायला!”

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं, पण पाऊस नव्हता. तळ्याचं पाणी मातकट, वीतभर खालचंही दिसेना. वेलींच्या मधून मधून मोकळ्या पाण्याच्या गल्ल्या होत्या. मरळ हा मासा हवा घ्यायला वर येतो. ‘गुळुक’ असा आवाज व्हायचा, एक वर्तुळ उठायचं, पुन्हा शांत. म्हणजे मासा घरात आहे आणि दार उघडत नाही, असा प्रकार. गंगू काठावर उभी होती. झोपडीतून तान्ह्या पोरीचं रडणं ऐकू येत होतं. जोरात नव्हे, दमलेलं.

दाजीसाहेबांनी पिवळा बेडूक फेकला. वेलीत अडकला, दोर तुटला, गेला. लाल फेकला. मरळीच्या नाकावरून नेला म्हणावं इतक्या जवळून नेला, पण तिनं ढुंकून पाहिलं नाही. पत्र्याचा चकचकीत बेडूक, हिरवा बेडूक, सगळे झाले. काही गेले, काही नुसतेच भिजले. दिवस कलायला लागला. शेवटी दाजीसाहेबांच्या हातात एक सुटा गळ उरला आणि लावायला काही उरलं नाही.

त्यांची नजर माझ्या पिशवीकडे गेली. सखूच्या लेकीचं खेळणं मी देण्यासाठी बरोबर आणलं होतं. लाल, पिवळ्या, हिरव्या गोळ्यांच्या मधोमध काळा गोळा, मोठ्या लिंबाएवढा, खाली काळ्या लोकरीचा गोंडा.

“मिस्त्री, तो काळा द्या.”

“साहेब, तो दृष्टीचा आहे.”

“तरंगेल ना?”

“तरंगेल. पण बांधून झालाय. पाळण्याला पहिला झोका देईपर्यंत तो सोडत नाहीत. मी उद्या दुसरा करून देतो.”

“उद्या कशाला? उजेड आत्ता आहे, मासा आत्ता वर येतोय.”

मी पिशवी छातीशी धरली. मला सांगायला लाज वाटत नाही, मी घाबरलो होतो. वडिलांनी, आजोबांनी कधी बांधलेला काळा गोळा सोडला नव्हता. आणि सोडायचा तो कशासाठी, तर गळाला लावायला! त्या लेकराला उद्या काही झालं तर जन्मभर मी कुणाला तोंड दाखवणार?

गंगू पुढं आली. “सोडा जी, मिस्त्री.”

“गंगूबाई, बारशाच्या आधी...”

“बारशाले पोट्टी तं राह्यली पायजे ना! तिच्या मायले दूध आलं तं ते जगन. उपाशी लेकराले कोनाची दिष्ट लागून राह्यली? आना इकडे.”

तिनं खेळणं माझ्या हातातून घेतलं. माझी गाठ पक्की, बोटांनी सुटेना. गंगूनं दातांनी दोरा तोडला आणि गोळा दाजीसाहेबांच्या हातावर ठेवला.

गोळ्याला दोरा ओवायचं आरपार भोक होतंच. दाजीसाहेबांनी त्यातून तार घातली, गळ उलटा करून गोंड्यात लपवला, म्हणजे वेलीत अडकणार नाही. गोळा हातात घेतला तर आतल्या गुंजा वाजल्या.

“अहो, हे वाजतंय!”

“खुळखुळा आहे साहेब, वाजणारच.”

“मासे पळतील की!”

“तुमी फेका तं खरं!” गंगू ओरडली.

गोळा पाण्याच्या गल्लीत पडला. दाजीसाहेबांनी हलका झटका दिला. खुळखुळ. थांबले. पुन्हा झटका. खुळखुळ. गोंडा पाण्यात पसरला, आकसला. तिसऱ्या झटक्याला खालून पाणी फुगलं आणि गोळा दिसेनासा झाला. गळाची काठी वाकली. दाजीसाहेब काहीतरी इंग्रजीत ओरडले. मरळ वेलींकडे धावली आणि दोर वेलीत गुरफटला. आता तुटणार, इतक्यात गंगूनं लुगड्याचा काष्टा खोचला आणि कमरेएवढ्या पाण्यात उडी घेतली. स्वतःच्या हातानं लावलेल्या शिंगाड्याच्या वेली दोन्ही हातांनी उपटत ती पुढं गेली, पदर पाण्यात टाकला आणि मासा पदरात गुंडाळून वर आली. हातभर लांब मरळ. टोपी पडल्याचं भान नसलेले दाजीसाहेब चिखलात नाचत होते. मीही नाचलो असेन. माझ्या धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल होता, तो दुसऱ्या कशानं लागला असेल असं वाटत नाही.

गंगूनं मिरं-लसूण घालून पातळ रस्सा केला. आम्ही दोघं बाहेर बाजेवर बसलो. दाजीसाहेबांनी वासानं नाकाला उपरणं लावलं होतं, पण उठून जायला तयार नव्हते. आत वाटीत पळी वाजली. मग सखूचा बारीक आवाज आला, “माय, आनखी हाये का वं?”

दाजीसाहेबांनी माझा हात दाबला. आयुष्यात मी खूप कौतुक ऐकलं, पण त्या पाच शब्दांनी झाला तसा आनंद मला कशानंच झाला नाही.

नंतरचे काही दिवस दाजीसाहेब रोज हवा खायला गेले. सखूला दूध उतरलं. बारसं चार दिवस पुढं ढकलून झालं. मुलीचं नाव मथुरा ठेवलं. मी नवा काळा गोळा करून नेला होता, पण गंगूनं तो हातातही घेतला नाही. जुन्यावर मरळीच्या दातांच्या खुणा उमटल्या होत्या, लाख उडून आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. “हाच लावा,” ती म्हणाली. “याच्याहून मोठी दिष्ट कोन काढन?”

मासा मिळाला, पण काळाच का, हे मला कळेना, आणि न कळलेली गोष्ट मला झोपू देत नाही. दाजीसाहेब म्हणाले, “मासा खालून वर बघतो, मिस्त्री. तुम्हीही खालून बघा.” ते थट्टेनं म्हणाले. मी खरंच गेलो. आमच्या शेजारी माळ्याचा मळा होता, त्याच्या विहिरीला पायऱ्या होत्या. मी पाण्यात बुडी मारून डोळे उघडे ठेवायचे आणि आमच्या मंडळींनी वरून एकेक गोळा दोऱ्यानं सोडायचा, असं ठरलं. मळ्यातल्या बाया वांगी तोडायची सोडून विहिरीवर जमल्या.

“काहून वं वहिनी, मिस्त्री पान्यात काय करून राह्यले?”

“मासा झाले,” मंडळी गंभीरपणे म्हणाल्या आणि लाल गोळा सोडला.

विहिरीच्या नितळ पाण्यात सगळेच रंग दिसले. काळा तर इतका स्वच्छ दिसला की त्याचा दोरा, भोक, सगळं मोजून घ्यावं. मग गढूळ डबक्यात तेच केलं. तिथं लाल गेला, हिरवा गेला, पिवळा मातीत मिसळून गेला. आभाळाच्या उजेडापुढं शेवटपर्यंत दिसला तो काळा. रंग म्हणून नव्हे, नुसता आकार म्हणून. आणि जिथं तोही दिसेना तिथं गुंजा ऐकू आल्या. पाण्यात कान घालून खुळखुळा ऐकून पाहा, छातीत वाजल्यासारखा वाटतो.

त्या दिवसापासून मी काळ्या लाखेचा धनी झालो. गढूळ पाणी, ढगाळ दिवस, दिवस मावळायची वेळ, यांना काळा, मोठा, वाजणारा गोळा. वेली असतील तर गळ गोंड्यात. हे मी येईल त्याला सांगू लागलो, आणि ऐकणारा नेहमीप्रमाणे अर्धंच ऐकू लागला.

मानोऱ्याकडचे, रस्त्यांची कामं बघणारे एक ओव्हरसियर होते. त्यांनी माझ्याकडून सगळ्यात मोठा, सगळ्यात वाजणारा, आरशासारखा काळा गोळा नेला आणि हिवाळ्यात, भर उन्हात, शेलूबाजारजवळ अडाण नदीच्या काचेसारख्या पाण्यात फेकला. मासे त्या डोहातूनच काय, पुढच्या दोन डोहांतूनही निघून गेले असं ते सांगत. दुकानात येऊन त्यांनी गोळा माझ्या पुढ्यात आपटला.

“मिस्त्री, हा तुमचा गोळा! पारध्याचा ढोल आहे का काय?”

मी त्यांना गूळपाणी दिलं आणि पाणी कसं होतं ते विचारलं. मग त्यांच्यासमोरच सुपारीएवढा लांबट गोळा केला, आत काही घातलं नाही. लाख चढवली, पण केवड्याचं पान फिरवलं नाही. उलट चुलीतली राख चिंधीवर घेऊन चकाकी मारून टाकली. चकाकी घालवायला मेहनत घेणारा खरादी वडिलांनी पाहिला असता तर दुकानातून हाकलला असता. “हा सकाळी उन्हाच्या आधी, किंवा झाडाच्या सावलीत फेका,” मी म्हणालो. “नितळ पाण्यात काळा बारीक पाहिजे, मुका पाहिजे आणि मळका पाहिजे. भर उन्हात काळा टाकूच नका, पांढरा टाका नाहीतर घरी जाऊन झोपा.” ओव्हरसियर पुन्हा आले तेव्हा गोळा आपटला नाही. तसलेच आणखी मागितले.

पुढं टिनाचे विलायती मासे बाजारात आले आणि लाकडी बेडकांची मागणी बसली. दाजीसाहेब गेले. त्यांच्या गळाची काठी वहिनीसाहेबांनी माझ्याकडे पाठवून दिली, सोबत निरोप होता, “त्यांची हवा खायची काठी.” ती खरादाच्या मागं भिंतीला टेकून असते. रिठदच्या वाटेवरचं ते तळंही गाळानं अर्धं भरलंय. तिकडून जाताना अजून कान ‘गुळुक’ ऐकायला थांबतात, आणि वाईट वाटतं.

दृष्टीच्या गोळ्याचा धंदा मात्र वाढला. गंगूनं बाजारात मासे विकता विकता अशी कथा पसरवली की बाया येऊन दात उमटलेलाच गोळा मागायच्या. इतक्या मरळी कुठून आणू? शेवटी पटाशीच्या टोकानं मी स्वतःच दात कोरू लागलो. एका आजीबाईनं तर तक्रार केली, “मिस्त्री, या मरळीचे दात लयच सरळ दिसून राह्यले.” तेव्हापासून वाकडे कोरतो.

हे लिहायला घेतलं त्याच आठवड्यात एक तरुण बाई दुकानात आली. कडेवर दुधाचे दोन दात आलेलं मूल, हातात फडक्यात गुंडाळलेला गोळा. गोंडा झडलेला, लाख तडकलेली. मी गोळा कानाशी नेऊन हलवला. गुंजा वाजल्या.

“मथुरा का तू?”

“व्हय जी, मिस्त्रीबाबा. आजी सांगून गेली व्हती, रंग उडाला तं तुमच्याकडेच न्या म्हने. रंग द्या, पन दात बुजवू नका.”

खरादावर चढवला असता तर खुणा लाखेनं भरून गेल्या असत्या. म्हणून कांडी दिव्यावर मऊ करून, दातांच्या कडेकडेनं, हातानंच लाख बसवली. डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, वेळ लागला. मथुरा समोर बसून आपल्या आईच्या रस्स्याची गोष्ट मलाच सांगत होती, आणि मी पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकत होतो.

गोळा थंड झाला की नाही हे बघायला मी तो तळहातावर धरला. लाख पुरती कडक झाली नव्हती. तेवढ्यात तिच्या मांडीवरच्या त्या लबाडानं झेप घेतली, दोन्ही हातांनी गोळा धरला आणि तोंडात घातला. मथुरानं ओढून घेतला तेव्हा मरळीच्या दातांशेजारी दोन नवे, छोटे, सरळ दात उमटले होते.

“अवं माय! आता हे कसं बुजवान?” मथुरा म्हणाली.

“हे तर मुळीच बुजवायचे नाहीत,” मी म्हणालो आणि काळा गोंडा बांधायला घेतला.